जुनी फॉर्म्युला एलजीबी घेतली? या चुका टाळा

आर्वीकडच्या तीन पोट्ट्यांनी भागीदारीत कोइम्बतूरहून जुनी फॉर्म्युला एलजीबी, म्हणजे ट्रॅकवर शर्यतीत पळवायची गाडी, आणली. टेम्पोतून उतरवली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. एका माणसापुरती जागा, चाकं उघडी, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचंच. तिकडे दोन सीझन मी एका टीममध्ये पाने फिरवले आहेत, म्हणून गाडी थेट माझ्या गॅरेजात आली. पुढच्या महिनाभरात त्यांनी चुका केल्या, मीही केल्या.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला, "भाऊ, हेड फेसिंग करून पाहू नं, पावर वाढन."

नाही. हेड फेसिंग म्हणजे इंजिनाचं हेड घासून आतला दाब वाढवणं. लोखंडी पाइपांची चासी, स्विफ्टचं १.३ लिटर पेट्रोल इंजिन, गाडीला खाली दाबून धरणारे विंग नाहीत, आणि सगळ्यांची गाडी सारखी. या क्लासची गंमतच ती आहे. इंजिनाला हात लावला आणि तपासणीत सापडलं तर निकाल गेला. कोइम्बतूरचे रेसर एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती बनवली, तीही याच विचारानं. नारायण कार्तिकेयन सुरुवातीला तीच गाडी चालवत होता आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला. कोइम्बतूरजवळचा कारी ट्रॅक करिवर्धन यांच्याच नावाचा. जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. तिथे वेळ मिळवायचा तो वळणांवर, म्हणून डोकं लावायचं ते चाकांवर.

दुसरी तक्रार, गाडी डावीकडे ओढते. पोट्ट्यांनी तोवर टाय रॉड, म्हणजे पुढच्या चाकांची दिशा ठरवणारी दांडी, दोनदा फिरवून ठेवला होता. माप चुकत होतं ते माझ्या कोब्यामुळे. गवंड्याची पाण्याची नळी चारही चाकांपाशी धरली, तर एक कोपरा बोटभर खाली. तिथे प्लायवूडचे तुकडे सारून आधी चारही चाकं एका पातळीत आणली. मग हवा सारखी केली. मग सीटवर सोयाबीनचं पोतं ठेवलं, चालवणाऱ्याच्या वजनाइतकं तोलून. हे हसण्यावारी नेऊ नका. एवढ्या हलक्या गाडीत माणूस बसला की स्प्रिंग दबतात, चाकांचे कोन बदलतात. रिकाम्या गाडीवर घेतलेलं माप कामाचं नाही. शेवटी दोन्ही बाजूंना गवंड्याचाच दोरा गाडीला समांतर ताणला आणि रिमच्या पुढच्या अन् मागच्या काठापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. टाय रॉड त्यानंतर.

हवेचं गणित आपल्याकडे जास्तच चुकतं. वीस पीएसआयच्या आसपास भरलेल्या टायरमध्ये तापमान दहा अंश वाढलं की साधारण एक पीएसआय चढतो. मे महिन्यात सकाळी ३० अंशांत भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत उभ्या गाडीतच दीड पीएसआयनं वाढलेली असते. पळाल्यावर आणखी. सकाळी एकदा भरून दिवसभर गेजकडे बघायचंच नाही, ही सर्रास चूक. गरम टायरचा आकडा प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असेल तर ती ओलसर हवा तापल्यावर आणखी दगा देते. आधी टाकीचं पाणी काढायला सांगा.

आता माझी चूक. "भाऊ, ब्रेक लागूनच नाही राहिला!" असं ओरडत पोट्टा तिसऱ्या चकरेत बाजूच्या मातीत जाऊन थांबला. पेडल स्पंजासारखं दबत होतं. मी गेल्या पावसाळ्यापासून फळीवर पडलेल्या अर्ध्या डब्यातलं ब्रेक ऑइल घातलं होतं. डबा उघडा राहिला की हे ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. चाकाजवळ ब्रेक दाबणारं कॅलिपर तापलं, ऑइल उकळलं, आणि पाय वाफेवर पडला. सीलबंद डबा फोडा, भरून ब्लीडिंग करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा, उरलेलं ठेवू नका.

बेल्ट लावताना आधी कमरेचा घट्ट करायचा, मग खांद्याचे. कमरेचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. आणि "समृद्धीवर फिरवून पाहू" म्हणणाऱ्याला गॅरेजच्या बाहेर काढा. या गाडीला नंबर प्लेट नाही, विमा नाही आणि ट्रकवाल्याला ती दिसतही नाही.

सीटचं राहिलंच. प्लास्टिकच्या जाड पिशवीत दोन रसायनांचा फोम ओततात, वर चालवणारा बसतो, फोम फुगून त्याच्या पाठीचा साचा घेतो. आम्ही भर दुपारी ओतला. उन्हात फोम नेहमीपेक्षा लवकर घट्ट होतो, त्यामुळे गडी नीट टेकायच्या आत सीट तयार झाली. त्यात तो टीशर्ट अन् चपलेवर बसलेला. नंतर जाड सूट अन् बूट चढवून बसला तर गुडघे स्टिअरिंगला अडले. नवा फोम मागवला आहे. या वेळी पहाटे पाचला, सूट-बूट घालून, पेडलवर पाय ठेवून.