माशांचे मीठ रोहिण्यांत वाळवा, मृगाआधी झाका

मत्स्यबीज खानदेशात पावसाळ्यात येते. पिशव्यांतून दमून आलेल्या बोटुकल्यांना (बोटभर लांबीच्या पिल्लांना) त्याच वेळी मिठाचे पाणी लागते आणि नेमके तेव्हाच गोणीतले मीठ पाझरू लागलेले असते. त्यामुळे मिठाची तजवीज जुलैत नव्हे, मे महिन्यातच उरकायला हवी. शेततळ्यात रोहू-कटला सोडणारे असोत की पडवीत टाक्या मांडून गप्पी-मॉलीसारखे शोभेचे मासे वाढवणारे, दोघांनाही हे लागू आहे.

आधी खरेदीचे. अ‍ॅक्वेरियम सॉल्ट म्हणून जी रंगीत पाकिटे मिळतात, त्यांत मुख्यतः साधे सोडियम क्लोराइडच असते. मोठ्या प्रमाणावर वापरायचे तर ५० किलोच्या गोणीतले स्वच्छ, पांढरे खडेमीठ चालते. फक्त त्यात सुगंध, मसाला किंवा गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर नको. मातकट, हाताला चिकट लागणारे मीठ स्वस्त मिळाले तरी सोडून द्या.

चिकटपणाचे कारण समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावरच विरघळू लागते. खडेमिठात मात्र थोडे मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेले असते आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच हवेतून पाणी ओढू लागते. कोरड्या वाटणाऱ्या दिवशीही गोणीचा तळ ओला दिसतो तो त्यामुळे. जळगाव-धुळ्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता बहुतेक वेळा या ३३ टक्क्यांच्याही खाली असते. जे ऊन आपल्याला नकोसे होते, ते मिठाला फुकटचे वाळवण आहे. ऑगस्टमध्ये दोन तास ऊन पडले म्हणून मीठ पसरण्यात अर्थ नाही. हवाच ओली असते.

रोहिण्या संपायच्या आत एक कोरडी, निरभ्र दुपार निवडा. स्वच्छ ताडपत्रीवर मिठाचा बोट-दीड बोट जाडीचा थर पसरा, तासाभराने फावड्याने खालवर करा. फावडे लाकडी किंवा प्लास्टिकचे असावे. ऊन उतरायच्या आत भरायला घ्या, पण गरम मीठ लगेच झाकणबंद करू नका. थोडे निवू द्या. उघड्यावर रात्र काढू देऊ नका, वळवाचा भरवसा नाही.

भरण्यासाठी घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे ड्रम उत्तम. एक गोणी ५० लिटरच्या ड्रमात बसते. दोनशे लिटरचा निळा ड्रम दिसायला सोयीचा, पण चार गोण्या ओतल्यावर तो हलवायला चार माणसे लागतात, म्हणून आधी जागेवर मांडा आणि मग भरा. कपाशीच्या फवारणीच्या औषधाचे ड्रम किंवा कॅन कितीही धुतले तरी वापरू नका. गोणीतच ठेवायचे असेल तर आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधा. नुसत्या विणलेल्या गोणीतून हवा आरपार जाते.

गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब रचा. धाब्याच्या घरात गळणाऱ्या कोपऱ्याखाली तर नकोच. पत्र्याच्या शेडमध्ये पहाटे पत्र्याला आतून घाम येतो, त्यामुळे वरून ताडपत्री हवी. युरिया, ब्लीचिंग पावडर, चुनकळी आणि कीटकनाशके यांच्याजवळ मीठ ठेवू नका. मोटरचा स्टार्टर, एरेटर, वजनकाटा यांनाही लांब ठेवा. मिठाची ओल लोखंड आणि वायरिंग खाते. सिलिका जेलच्या पुड्या किंवा तांदूळ टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. डबीतल्या मिठाला ते ठीक, गोणीला त्याने काही होत नाही.

रोजच्या वापराचे मीठ वेगळ्या लहान डब्यात काढा. तळ्यावरचा ओला हात मोठ्या ड्रमात गेला की वाळवणाचे कष्ट वाया.

इतके करूनही गुठळ्या झाल्या तर मीठ बिघडले असे समजू नका. स्वच्छ असेल तर लाकडी मोगरीने फोडून वापरा. अडचण येते ती मापात: ओले मीठ वजनाला जास्त भरते, त्यात मीठ मात्र कमी असते. त्यासाठी सरळ संपृक्त द्रावण करून ठेवावे, असे माझे मत आहे. झाकणाच्या बादलीत मीठ आणि स्वच्छ पाणी घालून ढवळा, तळाला न विरघळलेले मीठ कायम दिसेल इतके मीठ घाला आणि वरचे निवळ पाणी वापरा. त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ३०० ग्रॅम मीठ असते आणि थंडी-उन्हाने त्यात फारसा फरक पडत नाही. शंभर लिटरच्या टबात ते एक लिटर घातले की लिटरला ३ ग्रॅमचे सौम्य पाणी तयार. चौदा लिटर पाण्यात एक लिटर घातले तर लिटरला २० ग्रॅमचे, म्हणजे जखमी किंवा परजीवी लागलेल्या माशांना मिनिट-दोन मिनिटे बुडवण्याइतके तीव्र. मासा कलंडला की ताबडतोब बाहेर. पंगासियससारख्या खवले नसलेल्या माशांना हे तीव्र पाणी देण्याआधी मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्याला विचारा. खडे थेट टबात टाकू नका, माशाच्या अंगाला चटका बसतो.

गोणीतून गळलेले कडवट पाणी मात्र या कामाला घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमच जास्त असते. ते केळीच्या बागेच्या बांधावरही ओतू नका. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना सांगायला नको, केळीला खारट पाणी सोसत नाही. याच कारणाने ज्या शेततळ्याचे पाणी ठिबकला जाते, त्यात मीठ घालू नये. लिटरला एक ग्रॅम मीठ घातले तरी पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचे माप, मीटरला सुमारे २ डेसिसायमनने वाढते. मिठाचे उपचार टबातच करा आणि वापरलेले पाणी विहिरीपासून लांब, पडीक जागी सोडा.