तुला दिला, की तू दिलास?

नोकरीचा चौथा आठवडा होता. पुण्यात सॉफ्टवेअर सपोर्टचं काम, रात्रपाळी, क्लायंट इंग्लंडमधला. त्या दिवशी मला प्रॉडक्शन सर्व्हरचा, म्हणजे क्लायंटचं प्रत्यक्ष काम चालतं त्या सर्व्हरचा, अॅक्सेस मिळाला होता आणि तेवढंच क्लायंटला कळवायचं होतं. मी लिहिलं, ‘आय हॅव गिव्हन द प्रॉडक्शन अॅक्सेस टुडे.’ मनातलं वाक्य होतं, मला आज अॅक्सेस दिलाय.

पाच मिनिटांत उलट मेल आला, ‘टू हूम?’ कोणाला? मला प्रश्नच कळला नाही. मी लिहिलं, ‘टुडे ओन्ली आय हॅव गिव्हन, सर.’ अर्ध्या तासात आमच्या सगळ्या टीमचा अॅक्सेस बंद झाला. क्लायंटच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. एक नवा मुलगा सांगतोय की मी सर्व्हरच्या किल्ल्या कोणालातरी दिल्या, आणि कोणाला ते विचारलं तर उत्तर देत नाहीये.

आमच्या लीड मॅडम माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मेल दोनदा वाचला आणि मराठीत विचारलं, “तुला दिला, की तू दिलास?” मी म्हटलं, “मला दिला.” त्यांनी ‘हॅव’च्या पुढे कर्सर नेला आणि एक शब्द टाकला, ‘बीन’. आय हॅव बीन गिव्हन. इतकंच. अॅक्सेस परत सुरू व्हायला मात्र सकाळ झाली, आणि त्या रात्रीचं सगळ्यांचं काम दुसऱ्या पाळीवर गेलं. त्याची लाज आजही वाटते.

मी मराठी माध्यमाचा. आपल्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, मी त्याच्या आधीचा, म्हणजे पाचवीपासून एबीसीडी. त्यामुळे काळ, अनेकवचन, इज-अॅम-आर यावर मी इथे वेळ घालवणार नाही, ते तुम्हाला येतं. मला फक्त ‘देणे’ या एका क्रियापदाबद्दल बोलायचं आहे, कारण याच्यात चूक झाली की अर्थ बिघडत नाही, अर्थ उलटा होतो.

उलटा का होतो ते नीट बघा. शाळेत पाठ केलेलं आठवतं का? चतुर्थी: स, ला, ते, स, ला, ना, ते. चतुर्थीचा मुख्य अर्थ संप्रदान, म्हणजे ज्याला द्यायचं तो. मराठीत घेणाऱ्याच्या अंगावर ‘ला’चा शिक्का असतो. मग तो वाक्यात कुठेही बसू दे. ‘मला फाइल दिली’, ‘फाइल मला दिली’, ‘दिली मला फाइल’, तिन्हीत घेणारा मीच. शिवाय कोणी दिली हे सांगायची आपल्याला गरज नाही. ‘मला लॅपटॉप दिलाय’ म्हटलं की झालं, कंपनीने दिला हे सगळ्यांना कळतं.

इंग्रजीत हा शिक्का नाही. तिथे जागा बोलते. क्रियापदाच्या आधी जो बसला तो देणारा. आता आपलं काय होतं? डोक्यात पहिला शब्द येतो ‘मला’. वाक्य ‘मला’ने सुरू झालं म्हणून आपण ‘आय’ने सुरू करतो, आणि तिथेच आपण देणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. ‘दिलाय’चं ‘हॅव गिव्हन’ अगदी बरोबर असतं. प्रत्येक शब्द बरोबर आणि वाक्य खोटं. घेणाऱ्याला त्या पहिल्या जागेवर बसवायचं असेल तर क्रियापदात ‘वॉज’ किंवा ‘बीन’ लागतोच. आय गेव्ह, मी दिलं. आय वॉज गिव्हन, मला दिलं. आय हॅव गिव्हन, मी दिलंय. आय हॅव बीन गिव्हन, मला दिलंय. ही चार वाक्यं हाताने लिहून काढा. मी वहीची पानंच्या पानं भरली आहेत, आणि मला त्याचा उपयोग झाला.

ऐकून ऐकून हे येईल असं कोणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. बोलताना तो ‘बीन’ इतका ऱ्हस्व, इतका हलका होतो की आपल्या कानाला लागतच नाही. आणि मोबाइल किंवा मेलमधला व्याकरण तपासणारा प्रोग्रामही इथे वाचवेलच असं नाही. वाक्य व्याकरणात चोख आहे, खाली लाल रेघ येणार कशी? त्याला काय माहीत अॅक्सेस कोणी कोणाला दिला.

घाबरू नका. घाईत असाल तर ‘गिव्ह’ वापरूच नका. ‘आय नाउ हॅव द अॅक्सेस’ लिहा, सरळ आणि स्वच्छ. लिहिलेलं तपासायचं असेल तर शेवटी ‘बाय द अॅडमिन’ जोडून बघा. अॅडमिनने दिला असं म्हणायचं असेल आणि वाक्यात ‘बीन’ किंवा ‘वॉज’ नसेल, तर सेंडचं बटण दाबू नका.

दुसरी अडचण यापेक्षा लहान आहे. ‘गिव्ह मी द फाइल’ चालतं, म्हणून आपण ‘एक्सप्लेन मी द इश्यू’ म्हणतो. ते चालत नाही. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, रिटर्न, डोनेट, यांना वस्तू आधी आणि माणूस ‘टू’ लावून नंतर: ‘एक्सप्लेन द इश्यू टू मी’. गिव्ह, सेंड, शो, लेंड, हँड, टेल, ऑफर यांना माणूस थेट चालतो. साधारण असं दिसतं की एका अवयवाची (अवयव म्हणजे सिलेबल, शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) किंवा पहिल्या अवयवावर जोर असलेली क्रियापदं माणसाला थेट घेतात, आणि जोर पुढे सरकला की ‘टू’ मागतात. पण ‘असाइन’ आणि ‘मेन्शन’ हे नियम मोडतात: ‘असाइन मी द टिकेट’ बरोबर, ‘मेन्शन मी द डेट’ चूक. आणि वस्तूच्या जागी ‘इट’ आला तर ‘गिव्ह इट टू मी’ म्हणा.

‘प्रोव्हाइड’ला ‘विथ’ लागतो: ‘प्लीज प्रोव्हाइड अस विथ द लॉग्ज’. किंवा ‘प्रोव्हाइड द लॉग्ज टू अस’. खरं तर ‘प्लीज सेंड अस द लॉग्ज’ लिहा ना. ‘प्रोव्हाइड’ भारदस्त वाटतो म्हणून मुलं तो सगळीकडे घालतात, आणि मला ते मनापासून आवडत नाही.

आणि आपला ‘दे’ दरवेळी देतोच असं नाही. लक्ष देणे म्हणजे ‘पे अटेन्शन’, भेट देणे म्हणजे ‘व्हिजिट’, राजीनामा देणे म्हणजे ‘रिझाइन’. ‘मला बोलू दे’मध्ये परवानगी आहे, तिथे ‘लेट मी’. ‘करून देतो’चं ‘आय विल डू अँड गिव्ह’ करू नका, ‘आय विल डू इट फॉर यू’ म्हणा. उसने देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’. परीक्षा आपण देतो, इंग्रज ती ‘टेक’ करतो. भारतात ‘गिव्ह द एक्झाम’ सगळ्यांना कळतं, त्याबद्दल कोणी हसलं तर मनावर घेऊ नका. पण बाहेरच्या क्लायंटला वाटेल की पेपर तुम्ही काढला.

तीस दिवसांत फाडफाड बोलायला शिकवणाऱ्या क्लासला मीही पैसे भरले होते. तिथे तीन महिन्यांत माझं एकही वाक्य कोणी तपासलं नाही. ऑफिसातल्या एका सीनियरने तर वर्षभर माझे मेल मला न सांगता दुरुस्त करून पुढे पाठवले. त्यांचा हेतू चांगला होता, पण मी तिथेच राहिलो. तुमचं वाक्य तुमच्यासमोर खोडणारा माणूस शोधा. टोचेल, तरी त्याच्याच शेजारी बसा. मॅडमनी त्या रात्री एक शब्द टाकला आणि क्लासला जे जमलं नाही ते झालं.

सुरुवात आजच करता येईल. मेलचा सेंट फोल्डर उघडा, ‘गिव्हन’ हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला मॅडमचा प्रश्न विचारा. त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी मी हे केलं तेव्हा तसे 19 मेल निघाले. त्यातल्या 7 मेलमध्ये मला काहीतरी मिळालं होतं आणि मी ते दिल्याचं लिहिलं होतं. दोन जणांचं उत्तर अजून यायचं होतं. त्यांना लगेच दुरुस्तीचा मेल पाठवला.