रेसिडेंट्सना पबमेड शिकवताना: दोन तास, एक प्रश्न

एमडी-एमएसच्या पहिल्या वर्षाला ग्रंथालय आठवतं ते सिनॉप्सिसची, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याची, तारीख तोंडावर आली की. त्या वेळी दहा डेटाबेसची नावं ऐकवून काही साधत नाही. दोन तास घ्या, फक्त पबमेड (वैद्यकीय संशोधनपर लेख शोधण्याचा मोफत ऑनलाइन डेटाबेस) उघडा आणि एकच प्रश्न तडीस न्या. बॅच वीसच्या आत ठेवा. एका संगणकावर दोघं बसवा, कारण एकटा अडकला की गप्प बसतो.

पहिला अर्धा तास संगणक बंद. प्रश्न द्या: विंचूदंशाच्या रुग्णाला प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा फायदा होतो का? प्रश्न मुद्दाम निवडलेला आहे. यावरची डॉ. हिंमतराव बावस्करांची महाडची चाचणी २०११ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आली आहे, म्हणजे उत्तरपत्रिका तुमच्या खिशात. ती इतक्यात काढू नका.

कागदावर चार रकाने आखायला लावा: रुग्ण, उपचार, तुलना, परिणाम. प्रत्येकाखाली एकाच गोष्टीची सुचतील तितकी नावं. दंशासाठी स्टिंग, एनव्हेनोमेशन, एनव्हेनोमिंग. प्रतिविषासाठी अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन. परिणामाचा रकाना लिहायचा, पण शोधात घालायचा नाही. ‘मृत्यू’ किंवा ‘बरं होण्याचा काळ’ हे शब्द सारांशात असतीलच असं नाही, आणि ते घातले की नेमके कामाचे पेपर गळतात.

आता मेश, म्हणजे पबमेडमधल्या पेपरांना लावायच्या ठरावीक विषय-शीर्षकांचा, डेटाबेस उघडा. अँटिव्हेनम टाइप केलं तरी तिथलं अधिकृत शीर्षक ‘अँटिव्हेनिन्स’ निघतं. मेश म्हणजे काय हे याहून सोपं सांगता येत नाही. पण नुसत्या मेशवर विसंबू देऊ नका. पबमेडमधल्या सगळ्याच नोंदींना ही लेबलं लागलेली नसतात. म्हणून प्रत्येक संकल्पनेसाठी मेश शीर्षक आणि साधे शब्द दोन्ही, मध्ये ऑर. संकल्पना एकमेकींना जोडायच्या अँडने. हे जोडशब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत: OR, AND.

हमखास घोळ होतो तो कंसांचा. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. ‘स्कॉर्पियन अँड अँटिव्हेनम ऑर अँटिव्हेनिन’ असं कंसाशिवाय लिहिलं की विंचवाची अट पहिल्या जोडीपुरती राहते आणि सापाच्या प्रतिविषाचे पेपर लोंढ्याने येतात. हे सांगू नका, करून दाखवा. आधी कंसाशिवाय, मग ऑरची जोडी कंसात घालून; आकडा खाली येताना त्यांनाच पाहू द्या.

दुसरा घोळ अवतरणचिन्हांचा. ती घातली, किंवा शब्दाच्या शेवटी तारांकन दिलं, की पबमेडचं आपोआप समानार्थी शब्द शोधणं त्या शब्दापुरतं थांबतं. काय शोधलं गेलं ते ॲडव्हान्स्ड पानावरच्या डिटेल्समध्ये दिसतं. प्रत्येक शोधानंतर ते उघडायची सवय लावा.

आता खिशातली उत्तरपत्रिका काढा: महाडचा पेपर यादीत आहे का? नसेल तर त्याचा पीएमआयडी (पबमेडमधला नोंद क्रमांक) घ्या आणि प्रत्येक संकल्पनेची ओळ एकेक करून त्या क्रमांकाशी अँडने जोडा. जिथे शून्य येईल तिथे शब्द कमी पडलेत. सगळ्या तासात ही पंधरा मिनिटं सर्वांत मोलाची, घाईत उरकू नका.

फिल्टर शेवटी, आणि जपून. एकदा लावलेला फिल्टर काढेपर्यंत पुढच्या शोधांनाही लागू राहतो. ‘कालपर्यंत पेपर दिसत होते’ ही तक्रार बहुधा त्यातूनच येते. ‘फ्री फुल टेक्स्ट’ तर लावूच नका. पेपर मोफत आहे म्हणून तो अधिक लागू ठरत नाही. पूर्ण मजकूर नंतर मागवा. सरकारी महाविद्यालयात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या नियतकालिकांच्या सरकारी वर्गणी योजनेतून मिळतो का ते आधी पाहा. ‘नॉट’ही टाळा: ‘नॉट चिल्ड्रन’ लिहिलं की मुलं आणि प्रौढ दोन्ही असलेले पेपरही उडतात.

चॅटबॉटकडून आणलेले संदर्भ असतील तर प्रत्येकाचं शीर्षक पबमेडमध्ये टाकून बघायला लावा. काही अस्तित्वातच नसतात.

गृहपाठ म्हणून पेपरांची यादी मागू नका, शोधाची हिस्टरी मागा: प्रत्येक ओळ, आकडा, तारीख. आठ तास काही केलं नाही तर पबमेड ती पुसून टाकतं, तेव्हा उठण्याआधी डाउनलोड करून घ्यायला सांगा.