योहानाच्या पहिल्या ओळीवरचा वाद कसा वाचावा : ग्रीक न शिकलेल्या मराठी वाचकासाठी

नाताळाच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत मेंढपाळांची आणि गव्हाणीची कथा वाचली जाते. पण त्याच दिवशी, पहाटेची मिस्सा झाल्यावर, दिवसा होणाऱ्या मिस्सेत गव्हाण नसते, मेंढपाळ नसतात, असते ती योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात : प्रारंभी शब्द होता, शब्द देवाजवळ होता आणि शब्द देव होता. गोव्यात हे वाचन बहुतेक ठिकाणी कोंकणीतून कानावर पडते, आणि सिंधुदुर्गाकडून किंवा बेळगावकडून येऊन इथे स्थिरावलेली ख्रिस्ती कुटुंबे घरी तेच मराठीतून वाचतात. या ओळीवरून आणि त्याच ग्रंथातील ‘अब्राहाम झाला त्यापूर्वी मी आहे’ या आठव्या अध्यायातील वाक्यावरून ख्रिस्ती जगात सोळाशेहून अधिक वर्षे वाद चालू आहे. ख्रिस्त देवाबरोबर अनादी काळापासून आहे, की तो सर्व सृष्टीच्या आधी निर्माण केलेला, सर्वांत थोर, पण तरीही निर्माण केलेलाच आहे, हा तो प्रश्न. दारावर येणारे प्रचारक, फोनवरचे गट आणि कॉलेजातील मुले हा वाद ग्रीक व्याकरणाच्या नावाने घालतात, आणि ग्रीक न येणारा माणूस गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये, म्हणून हे लिहीत आहे. मडगावला आमच्या घरी रविवारी संध्याकाळी काही शेजारी एकत्र वाचायला बसतात. पुढे दिलेली पद्धत त्या बैठकीत हळूहळू तयार झाली आहे.

वाद ऐकण्यापूर्वी वाक्य स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यावे. मूळ वाक्य सतरा शब्दांचे आहे आणि देवनागरीत ते असे लिहिता येते : एन आर्खे एऽन हो लोगोस, काइ हो लोगोस एऽन प्रोस तोन थेओन, काइ थेओस एऽन हो लोगोस. ‘लोगोस’ म्हणजे शब्द, ‘थेओस’ म्हणजे देव, ‘एऽन’ म्हणजे होता, ‘काइ’ म्हणजे आणि. आता लाल पेन्सिल घेऊन ‘हो’ आणि ‘तोन’ यांच्याखाली रेघ ओढावी. चार रेघा होतात. तिन्ही ‘लोगोस’च्या आधी एक रेघ आहे, दुसऱ्या उपवाक्यातील ‘थेओन’च्या आधी एक आहे, आणि शेवटच्या उपवाक्यातील ‘थेओस’च्या आधी मात्र काहीच नाही. सगळा वाद त्या मोकळ्या जागेवर उभा आहे, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की पुढचे निम्मे दडपण जाते.

रेघा ओढलेले हे शब्द म्हणजे ग्रीक भाषेचे निश्चित उपपद होय. मराठीत उपपदच नाही. इंग्रजीत निश्चित (‘द’) आणि अनिश्चित (‘अ’) अशी दोन्ही आहेत. ग्रीकमध्ये निश्चित आहे, अनिश्चित नाही. म्हणून ग्रीक वाक्यात उपपद नसले की इंग्रजी अनुवादकाला काहीतरी निवडावेच लागते, आणि मराठी अनुवादकाची त्यातून सुटका होते. ख्रिस्त निर्माण केलेला आहे असे मानणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी नव्या करारात इथे अनिश्चित उपपद घालून ‘शब्द एक देव होता’ अशा अर्थाचे भाषांतर केले आहे, तर बहुतेक इतर इंग्रजी भाषांतरांत मोठ्या अक्षराने ‘देव’ असे छापलेले असते. मोठ्या अक्षराचा आधार कोणी घेतला, तर तो बाजूला ठेवावा, कारण प्राचीन हस्तलिखिते सरसकट मोठ्या अक्षरांत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली आहेत, आणि आपल्या देवनागरीत तर तो भेदच नाही.

यानंतर तीन अर्थ वेगळे करावेत, आणि इथे घाई करू नये. ‘थेओस’ इथे निश्चित असेल, तर वाक्याचा अर्थ ‘शब्द म्हणजे तोच तो देव’ असा होईल; पण लगेच आधी शब्द देवाजवळ होता असे म्हटले असल्यामुळे, जो ज्याच्याजवळ होता तो आणि हा एकच ठरतील. पिता आणि पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन रूपे मानणाऱ्या साबेल्लिउसच्या बाजूला हा अर्थ झुकतो, आणि परंपरेने ती बाजूही नाकारली आहे. ‘थेओस’ अनिश्चित असेल, तर अनेकांपैकी एक देव असा अर्थ निघेल. तिसरा अर्थ गुणवाचक आहे, आणि तो समजायला मराठी पुरेशी आहे. ‘ती आई होती, म्हणून रात्रभर उशाशी बसून राहिली’ या वाक्यात ‘आई’ म्हणजे जगातल्या अनेक आयांपैकी कोणी एक नव्हे, आणि आधी उल्लेख झालेली ती विशिष्ट आईही नव्हे. आईपण ज्याला म्हणतात ते तिच्या ठायी होते, एवढेच आपण सांगत असतो. ‘थेओस’ हा शब्द क्रियापदाच्या आधी, उपपदाशिवाय, जोर देऊन ठेवलेला आहे आणि त्यातून शब्दाचे स्वरूप सांगितले जाते, हा या वाचनाचा गाभा. फिलिप हार्नर यांनी १९७३ मध्ये अशा रचनांचा अभ्यास करून गुणवाचक अर्थाची बाजू मांडली, आणि मलाही तीच सर्वांत बळकट वाटते.

वादात कोलवेलचा नियम हमखास येतो. अर्नेस्ट कोलवेल यांनी १९३३ मध्ये दाखवले की निश्चित अर्थाचे विधेयनाम, म्हणजे कर्ता काय आहे हे सांगणारे नाम, क्रियापदाच्या आधी आले, तर त्याचे उपपद बहुधा गळते. या नियमाचा आधार घेऊन पुष्कळ लोक उलटे सिद्ध करू पाहतात : इथे उपपद नाही आणि नाम क्रियापदाच्या आधी आहे, म्हणून ते निश्चितच. हा उलटा प्रवास त्या नियमातून निघत नाही. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे उठतो आणि उजाडताना त्याच्या सायकलचा भोंगा गल्लीत ऐकू येतो. पण पहाटे उठणारा प्रत्येक माणूस पोदेर असतो असे कोणी म्हणणार नाही. त्रैक्यवादी, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव मानणाऱ्या, बाजूचा माणूस हा नियम उलटा वापरत असेल तर त्याला थांबवावे. समोरचा माणूस ‘उपपद नाही म्हणजे कमी दर्जाचा देव’ असे म्हणत असेल तर त्यालाही थांबवावे, आणि याच अध्यायातील सहावे, बारावे, तेरावे आणि अठरावे वचन उघडून दाखवावे. तिथे ‘थेओस’ची रूपे उपपदाशिवायच आली आहेत आणि त्यांचा अर्थ पिता देव असाच आहे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

मराठी वाचकाला या अध्यायात एक सोय आयती मिळते आणि ती फारशी कोणी वापरत नाही. ग्रीकमध्ये ‘असणे’ आणि ‘होणे’ ही वेगळी क्रियापदे आहेत, तशीच ती मराठीतही आहेत, आणि भूतकाळात आपल्याकडे ‘होता’ आणि ‘झाला’ असे दोन स्पष्ट आवाज ऐकू येतात. हिरवी पेन्सिल घेऊन पहिली अठरा वचने वाचावीत आणि प्रत्येक ‘होता’खाली एक, प्रत्येक ‘झाला’खाली दोन रेघा ओढाव्यात. पहिल्या वचनात शब्दासाठी तिन्ही वेळा ‘एऽन’, म्हणजे होता. तिसऱ्या वचनात सर्व काही त्याच्याद्वारे ‘एगेनेतो’, म्हणजे झाले. सहाव्यात योहान नावाचा माणूस आला, तिथेही ‘एगेनेतो’. आणि चौदाव्यात प्रथमच शब्दासाठी ‘झाला’ येते : शब्द देह झाला. लेखकाने ही दोन क्रियापदे अशी वाटून ठेवली आहेत की शब्द ‘झालेल्या’ गोष्टींच्या बाजूला देहधारणेपर्यंत बसतच नाही. मला विचाराल तर उपपदापेक्षा हा पुरावा वजनदार आहे. त्याची मर्यादाही लक्षात असू द्यावी : ‘होता’ एवढेच सांगते की प्रारंभ झाला तेव्हा शब्द आधीच होता, ‘अनादी’ हा शब्द इथे लिहिलेला नाही, तो अनुमानाने येतो. अनुमान चांगले असू शकते, पण ते अनुमान आहे हे वहीत लिहून ठेवावे.

आता ‘मी आहे’. ग्रीक वाक्य आहे : प्रिन आब्राआम गेनेस्थाइ, एगो एइमी. ‘प्रिन’ म्हणजे आधी, ‘गेनेस्थाइ’ हे पुन्हा ‘होणे’चेच रूप, ‘एगो’ म्हणजे मी आणि ‘एइमी’ म्हणजे आहे. इंग्रजी वाचकाला भूतकाळासोबत वर्तमानकाळ खटकतो, म्हणून तिथे काही जण ‘तेव्हापासून आहे’ अशा अर्थाचे रूप वापरतात आणि चौदाव्या अध्यायातील ‘इतका काळ मी तुमच्याबरोबर आहे’ हे उदाहरण देतात. उदाहरण खरे आहे, आणि मराठीत तर ते सहज बसते. ‘हे दुकान १९६१ च्या आधीपासून इथे आहे’ असे पणजीतला कोणीही म्हणेल. पण ‘हे दुकान १९६१ च्या आधी आहे’ असे म्हणून पाहावे. कान लगेच अडतो. ‘पासून’ काढले की वाक्य विचित्र होते, आणि ग्रीक ‘प्रिन’मध्ये ‘पासून’ नाही. शिवाय ‘इथे’, ‘तुमच्याबरोबर’ असे काही ‘एइमी’ला जोडलेलेही नाही. या विचित्रपणात योहानाचा हेतू आहे असे पारंपरिक बाजू म्हणते, आणि पुढच्याच वचनात ऐकणाऱ्यांनी दगड उचलले याकडे बोट दाखवते.

इथे दोन्ही बाजूंना एकेक अडचण विचारावी. जुन्या करारातील निर्गमच्या तिसऱ्या अध्यायाशी हे वाक्य थेट जोडणाऱ्याला विचारावे की प्राचीन ग्रीक अनुवादात देव मोशेला ‘एगो एइमी हो ओन’ म्हणतो आणि नाव म्हणून पुढे ‘हो ओन’, म्हणजे ‘जो आहे तो’, हेच वापरतो. मग नुसत्या ‘एगो एइमी’ला नाव कसे मानायचे? यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातील दहावे वचन त्याला जास्त उपयोगी पडेल, कारण तिथल्या ग्रीक अनुवादात देवाच्या तोंडी ‘एगो एइमी’ पूरकाशिवाय, म्हणजे पुढे ‘अमुक’ असे काही न जोडता, येते. याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात दृष्टी मिळालेला आंधळाही ‘एगो एइमी’ म्हणतो आणि त्याचा अर्थ ‘तो मीच’ एवढाच असतो, हेही नोंदवावे. दुसऱ्या बाजूला विचारावे की ‘आधीपासून आहे’ असे भाषांतर मान्य केले, तरी अब्राहामापूर्वीचे अस्तित्व राहतेच. मग व्याकरण बदलून नेमके काय मिळवले?

काळाविषयीचे शब्द तपासल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. चौथ्या शतकात आलेक्सांद्रियाचा आरिउस म्हणत असे की पुत्र सर्व युगांच्या आधीचा आहे, तरीही ‘तो नव्हता असे कधीतरी होते’. आणि या वाक्यात त्याने ‘काळ’ हा शब्द टाळला होता, कारण काळसुद्धा पुत्राद्वारेच निर्माण झाला असे तो मानत होता. म्हणजे ‘सर्वांच्या आधी’ या शब्दांनी आरिउसचे खंडन होत नाही. मराठीत आपण अश्वत्थाम्याला चिरंजीव म्हणतो, अनादी म्हणत नाही. त्याला जन्म आहे, मृत्यू नाही. ‘सार्वकालिक’, ‘शाश्वत’, ‘सनातन’ हे शब्द चर्चेत आले की दर वेळी विचारावे : अंत नाही एवढेच म्हणायचे आहे, आरंभही नाही असे म्हणायचे आहे, की काळाच्या पलीकडे आहे? तिसरी कल्पना तत्त्वज्ञ बोएथिउसने सहाव्या शतकात नेमकी केली; अमर्याद जीवन एकदम, संपूर्णपणे हाती असणे म्हणजे नित्यत्व, असे त्याचे म्हणणे. ती योहानाच्या वाक्यात शोधत बसू नये.

३२५ मध्ये निकेआ येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने पुत्राला ‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’ म्हटले आणि आरिउसच्या वाक्याचा निषेध केला. त्या काळच्या चर्चेत ‘गेन्नेतोस’ आणि ‘गेनेतोस’ हे दोन शब्द येतात. एकात दोन ‘न’ आहेत आणि त्याचा संबंध जन्म देण्याशी आहे. दुसऱ्यात एकच ‘न’ आहे आणि तो त्याच ‘होणे’ क्रियापदापासून आला आहे, ज्याच्याखाली आपण हिरव्या दोन रेघा ओढल्या. आधी हे शब्द पुष्कळदा अदलून-बदलून वापरले जात. आरिउसचा विरोधक अथानासिउस याच्या बाजूने त्यांना वेगळे करून अर्थ पक्का केला. ही भाषा शास्त्रवचनातून उचललेली नाही, शास्त्रवचन राखण्यासाठी घडवलेली आहे, आणि ज्याला हे मान्य नाही त्याच्याशी व्याकरणावर नव्हे, यावर बोलावे.

मराठीत असे बोलणे नवे नाही, विशेषतः गोव्यात. सासष्टीतील रायतूर येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रोमी लिपीत छापले गेले आणि त्यातील ख्रिस्ती सिद्धान्त मराठी ओव्यांतून सांगितलेला आहे. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. तेव्हा ‘हे इंग्रजीतूनच कळते’ असे कोणी म्हणाले, तर ते मानू नये.

एक पायरी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती आधी सांगितली की लोक तिथेच अडकतात. व्याकरणाआधी पाठ, म्हणजे हस्तलिखितांत नेमके कोणते शब्द आहेत ते, तपासावे लागते. पहिल्या अध्यायाच्या अठराव्या वचनात काही हस्तलिखिते ‘एकुलता एक पुत्र’ म्हणतात, तर सुमारे २०० च्या आसपासचे मानले जाणारे पपायरस ६६ हे हस्तलिखित ‘एकुलता एक देव’ म्हणते. हस्तलिखितांत पवित्र शब्द आखूड करून, वर आडवी रेघ देऊन लिहिले जात, त्यामुळे ‘थेओस’ आणि ‘ह्युइओस’ (पुत्र) यांच्यात फक्त पहिल्या अक्षराचा फरक उरतो. आपल्या मराठी बायबलमध्ये कोणता पाठ घेतला आहे ते पाहावे, तळटीप असेल तर ती वाचावी, आणि वहीत त्या वचनासमोर दोन्ही पाठ एकाखाली एक लिहून ठेवावेत. आमच्या बैठकीत पुढचा रविवार याच वचनासाठी ठेवला आहे.