व्हेरियंटचा सातबारा कसा वाचायचा

औशात माझं मेडिकल आहे. थंडी पडली की खोकल्याच्या बाटलीसोबत काउंटरवर प्रश्न ठरलेलाच: "काका, कोरोनाचा नवीन व्हेरियंट आलाय म्हणं?" आधी मी अंदाजपंचे सांगायचो. आता रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मोबाइलवर स्वतः बघतो.

आधी नाव वाचायला शिका. जेएन.१ हे कोरोनाच्या एका व्हेरियंटचं नाव; ते काही मंत्र नव्हे, गट नंबर आहे. आपल्याकडं ११२ ची वाटणी झाली की ११२/१, ११२/२ आणि पोरं वेगळी निघाली की ११२/२/१. इथंही तसंच, फक्त तिरप्या रेघेच्या जागी टिंब. मात्र तीन आकड्यांच्या पुढं वाटणी गेली की नवीन अक्षरं देतात. ओमिक्रॉनचा नंबर बी.१.१.५२९, त्याचं दुसरं लेकरू बी.१.१.५२९.२ न लिहिता बीए.२ झालं. पुढं बीए.२.८६.१ चं पहिलं लेकरू जेएन.१. नाव 'एक्स'नं सुरू झालं, जसं एक्सबीबी, तर समजा दोन घरांची सोयरीक झालीय: एकाच माणसाच्या अंगात दोन प्रकार शिरले आणि त्यांच्या मिश्रणातून तिसरा निघाला.

मग नेक्स्टस्ट्रेन ही वेबसाइट उघडा. जगभरातल्या प्रयोगशाळांनी जनुकं वाचलेल्या विषाणूंचा वंशवृक्ष आणि नकाशा तिथं फुकट दिसतो. वृक्षावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक नमुना. इथं मी एकदा तोंडावर पडलोय. जेएन.१ च्या दिवसांत आलेखात एका छोट्या देशाचा पट्टा सगळा एकाच रंगाचा दिसला आणि मी गल्लीच्या ग्रुपवर ठोकून दिलं, "तिथं शंभर टक्के पसरला!" पुतणीनं बोट ठेवून दाखवलं, त्या आठवड्याचे नमुने होते दोन. अडतीवर तुरीचे दोन दाणे बघून अख्ख्या पोत्याचा भाव केल्यासारखं झालं. तेव्हापासून टक्क्याआधी नमुने मोजतो.

तारीखही बघा, पण नमुना घेतल्याची. ओमिक्रॉन दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ ला कळवला, पण खात्री झालेला पहिला नमुना ९ नोव्हेंबरचा होता. डेल्टाचं तर विचारूच नका: सगळ्यात जुने नमुने आपल्याच देशातले, ऑक्टोबर २०२० चे, आणि 'चिंताजनक' शिक्का बसला मे २०२१ मध्ये. त्यामुळं शेवटच्या दोन-तीन आठवड्यांचा आलेख खाली उतरलेला दिसला तर हुरळू नका, बरेच नमुने अजून वाटेत असतात.

शिक्के जागतिक आरोग्य संघटना मारते. पायऱ्या तीन: नजरेखाली, लक्षवेधी, चिंताजनक. जेएन.१ डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या पायरीवर गेला. टीव्हीवाले मात्र तो तिसरीवर असल्यासारखे ओरडत होते. भारताचं चित्र बघायचं तर इन्साकॉग. हे प्रयोगशाळांचं जाळं डिसेंबर २०२० मध्ये उभं राहिलं, पुण्याची विषाणूविज्ञान संस्थाही त्यात आहे.

एवढं करूनही औशाचा ठिपका नकाशावर मला कधी दिसला नाही. म्हणून गल्ल्याखाली एक वही ठेवलीय. ताप-खोकल्याच्या चिठ्ठ्या गेल्या आठवड्यात ३१, या आठवड्यात २६. कुणी विचारलं की आधी ती वही काढतो.