इम्प्लांटसाठी ड्रिल करताना या चुका टाळा

दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, हलू लागला की ठपका तंबाखूवर किंवा मधुमेहावर ठेवला जातो. ती कारणे खरी असली, तरी वर दात बसवण्याआधीच, काही आठवड्यांत जो इम्प्लांट सैल होतो, त्याचा दोष अनेकदा ड्रिल धरणाऱ्या हातात असतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे हाड तापवणे. एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले की, ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट टिकले तरी हाडाला इजा होते. ही मर्यादा शरीराच्या तापमानाहून जेमतेम दहा अंशांनी वर आहे. कागलकडचे एक शेतकरी दुसरीकडे बसवलेला इम्प्लांट घेऊन राजारामपुरीतील आमच्या दवाखान्यात आले, तेव्हा पू नव्हता, तंबाखूचे व्यसन नव्हते, तरीही खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातला तो इम्प्लांट बोटांनी फिरवताच बाहेर आला. ड्रिल करताना काय घडले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "पाणी मधीच थांबलं डॉक्टर, पण मशीन काय थांबलं न्हाई." जबड्यातील सर्वांत टणक हाड सहसा याच भागात असते, तिथे ड्रिल गार ठेवणारे सलाइन (मिठाचे निर्जंतुक पाणी) बंद पडूनही ड्रिल रेटत राहणे म्हणजे इम्प्लांटभोवतीचे हाड स्वतःच मारणे होय.

मी सलाइन फ्रिजमध्ये गार करून ठेवतो आणि ड्रिल दाबत नाही. खाली-वर हलवत भुगा बाहेर येऊ देतो. धार गेलेले ड्रिल काटकसरीपोटी वापरणाऱ्यांचे मला नवल वाटते. प्रत्येक ड्रिलच्या वापराची नोंद ठेवावी आणि कंपनीने सांगितलेल्या मर्यादेनंतर तो टाकून द्यावा. दोन मिलिमीटरच्या ड्रिलवरून थेट शेवटच्या मापावर उडी घेणाऱ्या नवशिक्यांची घाई तर अक्षम्यच, कारण वाचतात ती काही मिनिटे आणि बिघडतात ते पुढचे कित्येक महिने.

वरच्या दाढांकडील मऊ हाडात मात्र छिद्र थोडे लहानच ठेवावे, म्हणजे इम्प्लांट घट्ट बसतो.

ड्रिलचे टोक त्यावरील खोलीच्या खुणेच्या पुढे किती जाते, हे माहीत नसताना खालच्या दाढांकडे हात घालू नये. ती लांबी धरूनही खालच्या जबड्यातून जाणाऱ्या संवेदनेच्या नसेपासून दोन मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे, आणि ते सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) आधीच मोजावे.

जास्त टॉर्कची, म्हणजे इम्प्लांट पिळून बसवण्याच्या जोराची, फुशारकीही नको. टणक हाडात इम्प्लांट अडला, तर रॅचेटवर (इम्प्लांट पिळण्याच्या पान्यावर) जोर न लावता तो उलटा फिरवून काढावा, छिद्राला आटे पाडावेत आणि मग पुन्हा बसवावा.