पहिली थ्रीडी खोली बनवताय? या चुका टाळा

थ्रीडी वस्तू घडवायचं ब्लेंडर फुकट, त्यांचा गेम जुळवायचं गोडो इंजिन फुकट. त्यामुळे हौसेने गेम बनवणाऱ्याचा खिसा फारसा रिकामा होत नाही, रिकामे होतात ते शनिवार-रविवार. आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: खोलीत एकदा फिरून बघण्याआधीच आपण ती सजवायला घेतो.

माझंच सांगतो. पहिल्या खोलीला मी अगदी खऱ्या घरासारखं दार काढलं, ९० सेंटीमीटर रुंद आणि २ मीटर उंच. टेबल, कपाट, पडदे, खिडकीचे गजसुद्धा झाले. गेम चालू केला तर पात्र दाराशीच अडकलं. तासभर कोडमध्ये चूक शोधत बसलो, ती तिथे नव्हतीच. गोडो ४ मध्ये कोलिजनसाठी, म्हणजे पात्र कुठे धडकतं हे ठरवणारा न दिसणारा आकार म्हणून, नवी कॅप्सूल (औषधाच्या गोळीसारखा आकार) घेतली की तिची त्रिज्या ०.५ मीटर आणि उंची २ मीटर असते. १ मीटर जाडीचा गडी ९० सेंटीमीटरच्या दारातून जाणार कसा? त्रिज्या ०.३ वर आणली, दार १.२ बाय २.३ मीटर केलं, काम झालं. पण त्यापायी कपाट सरकलं, खिडकी सरकली, एक अख्खी भिंत नव्याने करावी लागली.

तेव्हा आधी नुसते करडे ठोकळे मांडा. गोडोमधले सीएसजी बॉक्स (तयार मिळणारे साधे ठोकळे) यासाठी उत्तम. त्यात चाला, वळा, दारातून ये-जा करा. कॅमेरा पात्राच्या मागे असेल तर खोली खऱ्यापेक्षा ऐसपैसच हवी, नाहीतर कॅमेरा भिंतीत घुसतो. स्प्रिंग आर्म (भिंत आड आली की कॅमेरा पात्राकडे ओढणारी गोडोची सोय) लावला तर कॅमेरा पुढे सरकतो खरा, पण अरुंद खोलीत पडदाभर पात्राची पाठच दिसते.

ब्लेंडरमध्ये भिंती दिसतात, गेममध्ये गायब

नवख्यांना हमखास चकवणारा प्रकार. ठोकळ्याचे पृष्ठभाग बाहेर तोंड करून असतात, आपण मात्र आत उभे असतो आणि इंजिन सहसा पाठीकडची बाजू काढतच नाही. ब्लेंडरमध्ये फेस ओरिएंटेशन (पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते रंगाने दाखवणारी सोय) चालू करा: निळी ती पुढची बाजू, लाल ती पाठ. आत लाल दिसलं तर एडिट मोडमध्ये सगळं निवडून नॉर्मल्स, म्हणजे पृष्ठभागांच्या तोंडाची दिशा, फ्लिप (उलट) करा. पण कागदासारख्या पातळ भिंतीतून बाहेरचा उजेड आत झिरपू शकतो. म्हणून मी आता सरळ २० सेंटीमीटर जाडीच्या भिंती उभारतो, दोन्ही दुखणी एकदम जातात.

ऑब्जेक्ट मोडमध्ये भिंत ताणून लांब केली असेल तर एक्सपोर्टआधी कंट्रोल-ए दाबून स्केल लागू करा. नाहीतर बेव्हल (कडांना दिलेली गोलाई) वाकडं येतं आणि कोलिजन नीट बसेलच याची खात्री नाही.

पात्र जमिनीतून खाली पडतंय? आयात केलेल्या मॉडेलला कोलिजन आपोआप मिळत नाही, ते जोडावं लागतं. खुर्चीच्या प्रत्येक पायाला वेगळं कोलिजन देत बसू नका, अख्ख्या खुर्चीला एक साधा डबा पुरतो.

फुकट टेक्श्चर (पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं) मिळतात म्हणून सगळी ४के उतरवायची, हा मोह आवरा. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र कॉम्प्रेस न करता ६४ एमबी मेमरी खातं, १०२४ चं फक्त ४ एमबी. फरशी आणि भिंतीवर नक्षी पुन्हापुन्हा येतच असते, तिथे १०२४ भरपूर झालं. पॉली हेवन, अँबियंटसीजी आणि केनी या साइट्सवरचं साहित्य सीसी-झीरो परवान्याचं असतं, श्रेय देण्याची सक्ती नाही. इतर ठिकाणी परवाना वाचूनच उतरवा.

शेवटी गालिचा. फरशीच्या अगदी पातळीत ठेवला की तो लुकलुकायला लागतो, कारण कुठला पृष्ठभाग वर आहे हे इंजिनला ठरवता येत नाही. १ सेंटीमीटर उचला. तरीही लांबून लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याचं निअर मूल्य (त्याहून जवळचं कॅमेरा दाखवत नाही ते अंतर) बघा. तुम्हीच ते कधीतरी ०.००१ करून ठेवलेलं असेल, ०.१ करा.